पुस्तकांवर पाय ठेवणाऱ्या ग्वेनबाई

ग्वेनबाई कशा होत्या, असं कुणी विचारलं की मी गोंधळते. एका वाक्यात सांगता येत नाही, आणि कुठल्याही माणसाला एका वाक्यात बसवलेलं त्यांना स्वतःलाच खपत नसे. म्हणून मी आधी त्यांच्या पायांबद्दल सांगते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या घरात शिरले तेव्हा मला आधी दिसले ते पायच. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनमध्ये नदीच्या अंगाला उतारावर त्यांचं लाकडी घर होतं. हिवाळ्यातली सकाळ. खिडकीशी खुर्चीत एक उंच, हाडकुळी म्हातारी बसलेली. पायांत लोकरीचे मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा. मोज्याचा अंगठा त्या पट्ट्यात कसाबसा कोंबलेला. आणि ते दोन्ही पाय समोरच्या पुस्तकांच्या चळतीवर आरामात टेकलेले. जाड, जुनी, सोनेरी अक्षरांची पुस्तकं!

मी दारातच थबकले. माझं शिक्षण नववीपर्यंत. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. ज्याला शाळा अर्ध्यात सोडावी लागते ना, त्याला छापील कागदाची भीती फार वाटते आणि त्याच्यावर भक्तीही फार असते. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी कधी पायाखाली येऊ दिलेला नाही. आणि इथे ही बाई पुस्तकांवर जँडल्स ठेवून बसलेली.

"किया ओरा. आत ये आणि दार लाव. माझ्या घरातली ऊब सगळ्या हॅमिल्टनला वाटू नकोस," त्या म्हणाल्या. किया ओरा म्हणजे तिथला माओरी नमस्कार. "तू कुठली?"

"इंडिया."

"इंडिया केवढा मोठा आहे. त्यातली कुठली?"

"महाराष्ट्र."

"अरे वा!" त्यांनी टाच उचलून खालच्या पुस्तकावर दोनदा आपटली. ठक ठक. "तुमच्याबद्दल माझ्या पायाखाली बरंच काही लिहिलेलं आहे."

मला काही कळलं नाही. मी हसले. त्या काळात कळलं नाही की मी हसायचेच.

माझा नवरा राजेंद्र आधी शिकायला म्हणून न्यूझीलंडला आला, मग दूध पावडरच्या एका कंपनीत गोदामात लागला, आणि मग आमचं बिऱ्हाड आलं. हे दोन हजार बाराच्या आसपासचं. मला मिळालेलं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळीला मदत करायची, नाश्ता द्यायचा, व्हॅक्युम फिरवायचा. आमची एजन्सी घरं वाटून द्यायची. मला इंग्लिशची भीती वाटे, गाडी चालवायची वाटे, आणि सगळ्यात जास्त 'कम्प्लेंट' या शब्दाची वाटे. कुणी तक्रार केली तर आपल्याला उचलून परत पाठवतील असंच मी धरून चालले होते.

तिथे सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात. पण आईच्या वयाच्या बाईला नुसतं 'ग्वेन' म्हणायला माझी जीभ वळेना. म्हणून मी 'ग्वेनबाई' म्हणायला लागले. त्यांनी विचारलं, बाई म्हणजे काय? मी सांगितलं, आमच्या शाळेत शिकवणाऱ्या मॅडमला आम्ही बाई म्हणतो. त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता, आणि मला ते तेव्हा ठाऊकच नव्हतं.

ती पुस्तकं त्यांच्या भूगोलातली. इंग्रजांचं राज्य होतं त्या काळात इंग्रज साहेब बोटीनं पूर्वेकडे यायचे, हिंडायचे, आणि परत जाऊन प्रवासाची पुस्तकं लिहायचे. ग्वेनबाईंनी ती चर्चच्या सेलमधून, लोकांच्या गराज सेलमधून शोधून शोधून जमवली होती. त्या पुस्तकांत देशागणिक एकेक स्वभाव वाटून दिलेला. बंगाली भित्रे. चिनी माणसाच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही. बेटांवरचे लोक नाचरे आणि बिनभरवशाचे. मराठे लबाड, काटक आणि संधीची वाट बघणारे. आम्ही जातीनं माळी, पण त्या पुस्तकांत महाराष्ट्रातले आम्ही सगळेच मराठे.

वर्गात त्या पोरांना असलं एखादं वाक्य वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "हा गृहस्थ तिथे किती दिवस राहिला असेल?" त्यांचा स्वतःचा हिशेब ठरलेला होता. आठवडाभर राहिलेला माणूस म्हणतो, हे लोक असेच. वर्षभर राहिलेला म्हणतो, बहुतेक असे. आणि जन्म काढलेला म्हणतो, काय सांगू, मला माहीत नाही.

"मग पुस्तकं त्याचीच निघतात, जो आठवडाभर राहतो," असं म्हणून त्या टाच आपटायच्या. ठक ठक.

ही टाच समजायला मला बरेच महिने लागले. त्यांच्याकडे माणसं यायची, फिजिओ यायचा, नळवाला यायचा, मीटर बघणारा यायचा. जो ज्या देशाचा असेल त्याला त्याच्या देशाबद्दलचं पुस्तकातलं वाक्य ऐकवायच्या, अगदी साहेबी आवाजात, आणि लगेच टाच आपटायच्या. म्हणजे हे माझं नाही, हे पायाखालून आलंय. मग विचारायच्या, "बरोबर की चूक?" पंजाबी फिजिओ आपल्या जातीच्या शौर्याचं वर्णन ऐकून खूश झाला आणि म्हणाला, "हे मात्र अगदी खरं आहे!" त्या दिवशी त्या इतक्या हसल्या की व्यायाम राहूनच गेला.

त्यांच्या डोळ्यांचं मात्र वाईट झालं होतं. कडेचं दिसायचं, मधलं नाही. समोर उभं राहिलं तर माझा चेहरा दिसत नसे, पदर दिसे. पदर म्हणजे माझी ओढणी. टीव्ही त्या तिरक्या मानेनं बघायच्या, कोंबडीसारख्या. वाचता येईना. एकदा व्हॅक्युम बंद करायला लावून म्हणाल्या, "शालन, तू वाच."

मी घाबरले. "बाई, माझं इंग्लिश काही चांगलं नाही."

"या साहेबांचं हिंदी याहून वाईट होतं. त्यांनी तर पुस्तकं लिहिली. बस."

तर अशी मी इंग्लिश वाचायला शिकले. दुसरी माणसं बातम्या ऐकून शिकतात, मी शिकले आम्हाला नावं ठेवणाऱ्या पुस्तकांवरून. अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द. अर्थ मला नंतर कळायचा. एकदा वाचता वाचता आलं की हिंदुस्थानातले लोक इंडोलंट आहेत. मी विचारलं, इंडोलंट म्हणजे काय?

"आळशी. पण चांगल्या घरातला आळशी."

मी सकाळपासून तीन घरांच्या फरशा पुसून आले होते. पोळ्या लाटून, मुलीला शाळेत सोडून. मला काय वाटलं कोण जाणे, राग यायला हवा होता, पण हसूच आलं. मी हातातल्या मॉपकडे बघितलं, त्यांनीही त्या मॉपकडे तिरकी मान करून बघितलं.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "पुस्तकात लिहिलंय तर पुस्तकाची लाज राखायला नको का? जरा इंडोलंट हो."

तेव्हापासून हा शब्द आम्हा दोघींचा झाला. चहा झाला की त्या म्हणायच्या, "शालन, बी इंडोलंट," आणि मी बसायचे. हातात फुटक्या कानाचा कप, बाहेर फेजोआच्या झाडाखाली फळांचा सडा. ती फळं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात मारायच्या. या देशात मला कुणी 'बस' म्हणालं ते आधी त्यांनीच. लोक वाईट नव्हते, पण घड्याळ सगळ्यांच्या हातात होतं.

एवढं सगळं चांगलं चाललेलं, पण पायांचं मला सहन होईना. रोज मी चळत हलवून कपाटात ठेवायचे आणि पायाखाली एक बुटकं स्टूल सरकवायचे, वर उशी. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर स्टूल कोपऱ्यात आणि पाय पुस्तकांवर. आम्ही दोघी याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. नुसतं भांडण चालू होतं, फर्निचरचं.

एके दिवशी चळत उचलताना एक पुस्तक निसटलं आणि माझ्या पायाला लागलं. मी सवयीनं वाकले, पुस्तकाला बोटं टेकवून कपाळाला लावली. वर बघते तर ग्वेनबाईंची मान तिरकी.

"हे काय केलंस?"

मी सांगितलं. पुस्तकाला पाय लागला तर आम्ही पाया पडतो. सरस्वती असते ती.

"यात? यात सरस्वती आहे?" त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. "अगं, यात तुम्हाला चोर म्हटलंय!"

"म्हटलं असेल," मी म्हणाले. "पण पुस्तक आहे ना."

त्या हसल्या नाहीत. टाचही आपटली नाही. मग म्हणाल्या, "हे बघायला तो साहेब इथे हवा होता. काय लिहिलं असतं त्यानं? या लोकांना वाचता येत नाही म्हणून ते पुस्तकांची पूजा करतात, असं? की आमच्यापेक्षा यांनाच पुस्तकाची किंमत जास्त, असं?" मग माझ्याकडे वळून, "यातलं खरं कोणतं?"

मला कुठे माहीत! आई करायची म्हणून मी करते.

दुसऱ्या दिवशी गेले तर पाय स्टुलावर होते आणि पुस्तकं कपाटात. मी जिंकले होते, आणि मला उगाचच कसंतरी झालं.

नावं फक्त साहेबच ठेवतात असं काही त्यांना वाटत नसे. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या गावाच्या शेजारच्या गावाबद्दल तुम्ही काय म्हणता?" मी सांगत सुटले. ओढ्यापलीकडच्यांच्या दुधात पाणी, लग्नात मीठ कमी, आणि सोयरीक केली तर पोरीला माहेरी पाठवत नाहीत. पुण्याच्या माणसाकडे जायचं तर जेवून जावं. त्या टाळ्या पिटायला लागल्या. "शालन, तू शंभर वर्षं उशिरा जन्मलीस! बोटीवर चढायला हवं होतंस!" मला लाज वाटली. ओढ्यापलीकडे तर माझी सख्खी मावशी दिलेली. तिच्या दुधात पाणी मी कधी बघितलं नव्हतं.

पुढे केव्हापासून बदल होत गेला ते मला नेमकं सांगता येणार नाही. किटली फ्रिजमध्ये सापडली. मुलीला, हेलनला, फोनवर दोनदा तेच सांगितलं. हेलन दूर साउथ आयलंडला, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत राहायची, तिला तिथून काय दिसणार? मग एकदा शनिवारी येणारी फिलिपिनो मुलगी रडत एजन्सीत गेली. ग्वेनबाई तिला म्हणाल्या होत्या की बेटांवरच्या लोकांवर काम सोपवण्यात अर्थ नसतो. नंतर फिजिओ यायचा बंद झाला. त्यालाही काहीतरी ऐकवलं होतं, या वेळी शौर्याचं नव्हे.

वाक्यं तीच होती. मीच वाचून दाखवलेली. पण आता साहेबी आवाज नव्हता, डोळे हसत नव्हते, आणि ठक ठक ऐकू येत नव्हती. मी त्यांच्या पायांकडे बघायचे. कधी वाटायचं, टाच हलली. पण पायाखाली आता उशी होती, माझीच. आवाज येणार कुठून?

मी रात्रंदिवस त्याचाच विचार करत होते. पुस्तकं पायाखाली होती तोवर पायाखाली होती, मी ती उचलून वर ठेवली आणि ती त्यांच्या डोक्यात गेली की काय? राजेंद्र म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? वय झालंय त्यांचं." आणि मग हळूच, "पण मनात असल्याशिवाय तोंडावर येतं का गं?"

तोच तर प्रश्न होता.

शेवटी एजन्सीची बाई घर बघायला आली. जॅनिस तिचं नाव. चेहरा चिनी, पण बोलणं पक्कं किवी, म्हणजे न्यूझीलंडचं, दोन पिढ्या तिथल्याच. तिनं आधीच मला सांगितलं, इतक्या तक्रारी आल्यावर माणसं कोण पाठवणार? माणसं गेली नाहीत तर ग्वेनना घरात एकटं ठेवता येणार नाही, रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, हलवावं लागेल. ग्वेनबाईंना तर ते घर सोडायचं नव्हतं. "मला या खुर्चीतूनच उचला," हे त्या सगळ्यांना सांगून चुकल्या होत्या.

जॅनिस समोर बसली. ग्वेनबाईंनी मान तिरकी केली, तिला बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "चिनी माणसाच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही."

आणि खरंच, जॅनिसच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

माझा धीर सुटला. मी धावत कपाटाकडे गेले आणि ते पुस्तक ओढून काढलं. मला वाटलं, छापलेलं दाखवलं की संपलं. छापील गोष्टीपुढे कोण काय बोलणार? "हे बघा, मॅडम, हे पुस्तकात आहे! त्या म्हणत नाहीत, पुस्तक म्हणतं!" घाईत पुस्तक हातातून पडलं, माझ्या पायावर. मी वाकून पाया पडले.

जॅनिस माझ्याकडे बघत राहिली. मग कपाटाकडे. त्या सगळ्या सोनेरी रांगा.

"शालन, तुला ही पुस्तकं वाचायला लावतात?"

"हो, रोज."

"आपल्या लोकांबद्दलचं असलं?"

"हो."

"मग तू काय करतेस?"

"मी बसते," मी म्हणाले. "इंडोलंट होते."

जॅनिसनं मला हलकेच दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं. "या घरात तुला सेफ वाटतं ना?" मी म्हटलं, मला याच घरात वाटतं, बाहेरच तेवढं वाटत नाही. ती जरा हसली. मग म्हणाली, "मला एकच सांग. तू तिला रोज बघतेस. ती पुस्तकातलं बोलतेय की मनातलं? थट्टा असेल तर मी येणाऱ्या माणसांना आधी समजावून सांगेन, आणि ती इथेच राहील. पण थट्टा आणि खरं यातला फरकच तिला कळत नसेल, तर तिला चोवीस तास माणूस हवं, ते घरी जमणार नाही."

'थट्टा' एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. मी दाराच्या फटीतून बघितलं. ग्वेनबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पाय माझ्या उशीवर, अगदी शहाण्या मुलीसारखे.

"आधी थट्टा होती," मी म्हणाले. "आता मला माहीत नाही."

जॅनिसनं मान हलवली. "बाकी सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "ज्याला विचारलं त्याला."

हिवाळा संपायच्या आत हेलन आली आणि ग्वेनबाईंना रेस्ट होममध्ये हलवलं. घर आवरताना ती कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "ही चॅरिटीच्या दुकानात द्यायलाही लाज वाटते. तुला एखादं... अरे देवा, तुला कसं विचारू!" मी म्हटलं, विचारा. इंडोलंटवालं मी घरी आणलं. राजेंद्र म्हणाला, आपल्याला शिव्या दिलेलं पुस्तक घरात कशाला? माझ्या मुलीनं, मुक्तानं, चार पानं चाळली आणि म्हणाली, "मम, धिस इज सो रेसिस्ट."

"हो," मी म्हणाले. "पण त्याला पाय लावू नकोस."

रेस्ट होमला मी सुट्टीच्या दिवशी जायचे. पुढे आम्ही राजेंद्रच्या कामामुळे पापाकुराला राहायला गेलो, तेव्हा जाण्याआधी शेवटचं भेटून आले. ग्वेनबाई लांबलचक खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. तेच मोजे, त्यावर जँडल्स. खाली मात्र चकचकीत व्हिनाइलची जमीन, स्टूल नाही, काही नाही.

"तू कुठली?" त्यांनी विचारलं.

"महाराष्ट्र."

"ऐकल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या, आणि फेजोआ शोधत असल्यासारखा हात खुर्चीशेजारी फिरवला.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचं मासिक घसरलं आणि पायावर पडलं. त्या थांबल्या. मग खुर्चीचा दांडा धरून, कण्हत कण्हत, पार खाली वाकल्या. मासिक त्यांनी उचललं नाही. नुसती दोन बोटं त्याला टेकवली आणि कपाळाला लावली. मग पुन्हा सरळ बसल्या.

मी मासिक उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पलीकडच्या पलंगाची चादर बदलणारी टोंगा बेटांवरची एक मुलगी माझ्याकडे बघून हसली. नवीन होती बहुतेक. जवळ येऊन कुजबुजली, "त्या नेहमी करतात तसं. मला फार आवडतं. या जुन्या किवी बायका ना, पुस्तकांना खूप मान देतात. यांच्यात पद्धतच आहे ती."

मी ग्वेनबाईंकडे बघितलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "यांच्यात तसंच असतं."

आणि जमिनीवर आवाज झाला. ठक ठक.

मी खाली बघितलं. एक जँडल पायातून निम्मी सुटून लोंबत होती. तीच आपटली असेल. मान तिरकी होती, पण ती तर नेहमीच असायची.